वाचक विचारतात : मधली हजार वर्षं गेली कुठे?

प्रश्न : गेल्या महिन्यात आम्ही सगळे नेवाशाला गेलो होतो. पैस खांबाचं दर्शन छान झालं. परत येताना मुलगी (बीएला आहे, हिस्ट्री घेऊन) म्हणाली, बाबा इथे डेक्कन कॉलेजने उत्खनन केलंय, त्यात अश्मयुगापासून सातवाहनांपर्यंत सगळं सापडलं आणि त्यानंतर एकदम बहमनी काळ. मग माऊलींच्या वेळचं नेवासं कुठे गेलं? मी नगर रोडचं ट्रॅफिक बघत गप्प बसलो. तुम्हीच सांगा आता.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : लेकीने बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार, चहा घेऊन बसा.

'शके बाराशते बारोत्तरे' म्हणजे इसवी सन १२९०. ज्ञानेश्वरी नेवाशात सांगितली गेली, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली, म्हणजे गाव होतं, देऊळ होतं, ऐकायला माणसं होती. आणि १९५४ ते १९५६ मध्ये डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया, शां. भा. देव आणि त्यांच्या टीमने तिथलं लाडमोडचं टेकाड खणलं, १९६० मध्ये त्याचा जाडजूड रिपोर्ट आला, त्यात सहा कालखंड दिलेत. पहिले दोन अश्मयुगाचे, तिसरा ताम्रपाषाण (म्हणजे दगडाबरोबर तांबंही वापरणाऱ्यांचा), चौथा आरंभीचा ऐतिहासिक, पाचवा 'इंडो-रोमन' (रोमशी व्यापाराचा) आणि सहावा थेट 'मुस्लिम-मराठा'. पाच आणि सहाच्या मध्ये वाकाटक, चालुक्य, राष्ट्रकूट, यादव सगळेच्या सगळे गायब.

याचा सरळ अर्थ एवढाच की त्या टेकाडावर जिथे खणलं तिथे त्या काळातली वस्ती ओळखू आली नाही. नेवासं ओस पडलं होतं असं त्यातून सिद्ध होत नाही. लोक बहुधा टेकाड सोडून बाजूला सरकले आणि त्यांच्या घरांवर पुढच्या पिढ्यांनी घरं बांधली, ती आजच्या गावठाणाखाली आहेत. तिथे खणायचं म्हणजे कुणाचं तरी स्वयंपाकघर उकरायचं, ते कोण करू देणार? आपल्याकडे पुरातत्त्ववाले खणतात ती रिकामी पांढर, म्हणजे गावाबाहेरचं सोडून दिलेलं टेकाड, जिथली पांढरी माती लोक वर्षानुवर्षं धाब्याच्या घरांवर टाकायला नेतात. जी वस्ती कधी मोडलीच नाही ती त्यामुळे खणलीच जात नाही, आणि मग रिपोर्टात 'खंड' असं लिहिलं जातं. माझं मत विचाराल तर महाराष्ट्राच्या पूर्वमध्ययुगाबद्दलचा (म्हणजे सातवाहनांनंतर ते यादवांपर्यंतच्या काळाबद्दलचा) निम्मा गोंधळ इथून सुरू होतो.

उरलेला निम्मा समजायला थोडं मागे जावं लागेल. डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून परत उघडलं आणि सांकलिया तिथे आले, त्याआधी ते लंडनला पीएचडी करून आणि ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरच्या हाताखाली इंग्लंडमधल्या मेडन कॅसलच्या उत्खननात काम शिकून आले होते. १९४४ मध्ये तोच व्हीलर इथे एएसआयचा (भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा) डायरेक्टर जनरल झाला आणि त्याने तक्षशिलेला तरुण पोरांना थर कसे वाचायचे ते शिकवलं. तोवर आपल्याकडे उत्खनन म्हणजे बऱ्याच ठिकाणी भिंत दिसेपर्यंत खणत जायचं असा प्रकार होता, थरांचा हिशेब ठेवायची शिस्त खऱ्या अर्थाने इथून आली. लढाई संपता संपता, १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी कोल्हापूरला ब्रह्मपुरी खणली, तिथे सातवाहनकाळचं विटांचं बांधकाम आणि वर बहमनी काळ मिळाला. मग नाशिक, जोर्वे, नेवासं, ओळीने.

पण शोध कशाचा चालला होता बघा. फाळणीत हडप्पा आणि मोहेंजोदडो दोन्ही पलीकडे गेली, नव्या देशाला आपलं जुनेपण आपल्याच जमिनीत शोधायचं होतं, आणि सिंधू संस्कृती ते बुद्ध या मधल्या 'अंधारयुगा'त काय होतं हा तेव्हाचा सगळ्यात हॉट प्रश्न होता. जोर्वे आणि नेवाशाने त्याचं फार मोठं उत्तर दिलं, ताम्रपाषाण शेतकऱ्यांची अख्खी संस्कृती उभी केली. नेवाशाच्या रिपोर्टचं नावच 'इतिहासाकडून प्रागितिहासाकडे' अशा अर्थाचं आहे, म्हणजे सगळ्यांची नजर खाली, अजून खाली. पुढे १९६८ पासून शिरूर तालुक्यातल्या इनामगावला हेच लोक वर्षामागून वर्षं तंबू ठोकून बसले आणि जगाने दखल घ्यावी असं काम केलं. वरचे दोन-तीन मीटर मात्र खालचं गाठायच्या वाटेत येणारे थर होते. त्यातली खापरं मोजली जायची, पोत्यात जायची, पोती गोडाऊनला.

शिवाय एक समज होता, अजूनही आहे, की राष्ट्रकूट-यादवांसाठी खणायची गरजच काय, ताम्रपट आहेत, शिलालेख आहेत, वेरूळ आहे, हेमाडपंती देवळं आहेत. म्हणजे त्या काळचा इतिहास लिहिणार वा. वि. मिराशींसारखे लेखवाचक आणि देवळांचे अभ्यासक. त्यांनी तो लिहिलाही, आणि जबरदस्त लिहिला, १९६३ चा वाकाटक लेखांचा खंड आणि १९७७ चा शिलाहारांचा खंड अजून कुणी बाजूला सारलेला नाही. पण ताम्रपटात राजा असतो, दान घेणारा ब्राह्मण असतो, गावाच्या चतुःसीमा असतात. त्या गावातली बाई कुठल्या भांड्यात काय शिजवत होती ते नसतं.

आणि तिसरी भानगड कालमापनाची. थराला तारीख कशी द्यायची? सातवाहन नाणं मिळालं की सातवाहन थर, लाल चकाकीच्या भांड्याचा तुकडा मिळाला की रोमन व्यापाराचा काळ. पण नाणी पाडणारा राजा मेला म्हणून बाजारातून त्याची नाणी उठत नाहीत, ती पुढे पिढ्यान्पिढ्या फिरू शकतात. आणि ती लाल चकाकीची भांडी आधी वाटत होतं त्याच्या बरीच नंतरपर्यंत बनत होती हेही पुढे लक्षात आलं. म्हणजे ज्या थराला आपण 'दुसरं शतक' अशी चिठ्ठी लावली तो कदाचित पाचव्या शतकाचा असेल, आणि मग तो खंड काही प्रमाणात आपणच चिठ्ठ्या लावून तयार केलेला. रेडिओकार्बनने (थरातल्या कोळशा-धान्यातल्या कार्बनवरून वय काढायच्या पद्धतीने) हे सुटलं असतं, पण मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटला लॅब सुरू झाल्यावर नमुने पाठवले जायचे ते मुख्यतः ताम्रपाषाण थरांचे. 'ऐतिहासिक' काळाला काय, नाणी आहेत की!

यावर १९८७ मध्ये इतिहासकार रामशरण शर्मांनी देशभरच्या उत्खननांचे रिपोर्ट एकत्र लावून मोठा सिद्धांत मांडला, की इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकापासून आणि मग सहाव्यानंतर पुन्हा शहरं ढासळली, लांबचा व्यापार आटला, नाणी कमी झाली, समाज खेड्यांकडे आणि जमिनीच्या दानांकडे वळला. सिद्धांत दमदार आहे, निदान त्यामुळे लोक वरच्या थरांबद्दल बोलायला तरी लागले. पण त्याचा पाया हेच रिपोर्ट होते, ज्यांचा त्या काळात रस नव्हता. इतिहासकार ब्रजदुलाल चट्टोपाध्यायांनी त्याच्या उलट दाखवलं की या काळात जुनी शहरं गेली तरी नवे प्रदेश, नवी राज्यं, नवे बाजार उभे राहत होते. आणि २००४ मध्ये डेरेक केनेट या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने पुराव्याचाच मुद्दा लावून धरला, की बाबांनो, आपल्याला पूर्वमध्ययुगीन खापरं ओळखताच येत नाहीत, तर ती 'मिळाली नाहीत' असं कसं म्हणता?

तुमच्या मुलीला पैठणचं पुढचं वाचायला सांगा. नव्वदच्या दशकात भारतीय आणि ब्रिटिश लोकांनी मिळून तिथे खणलं. दोन विटांची देवळं मिळाली, चौथ्या शतकाच्या आसपास छोट्या देवळ्या म्हणून सुरू झालेली आणि नवव्या शतकापर्यंत वाढत वाढत नीट देऊळ झालेली, शिवाय त्याच थरांमधली धान्याचे दाणे, बिया आणि जनावरांची हाडं. म्हणजे नेवाशाहून लांब नाही असं ते गाव, तीच गोदावरी खोऱ्यातली दुनिया, आणि तिथे मधला काळ सलग हाताला लागतो, कारण या वेळी तो बघायचाच असं ठरवून खणलं होतं. फक्त रिपोर्ट यायला २०२० उजाडलं, हा आपला जुना रोग.

प्रश्न : मी मूळची नागपूरची, लग्नानंतर पुण्यात. इथे सगळे पेशवे पेशवे करतात, आमच्या वाकाटकांना कुणी विचारत नाही. विदर्भात तरी काही उत्खनन झालंय की नाही?
– एक वाचक, वारजे

उत्तर : ताई, या एका विषयात विदर्भ आमच्या बराच पुढे आहे, मान्य करून टाकतो.

वर्ध्याजवळच्या पवनारला १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव आणि म. के. ढवळीकरांनी उत्खनन केलं, मिराशींच्या मते तेच वाकाटकांचं प्रवरपूर. तिथल्या आश्रमात जमीन खणताना विनोबांना राम-भरत भेटीचं शिल्प मिळालं होतं ते तुम्ही बघितलंच असेल. सत्तरच्या दशकात मांढळला अजयमित्र शास्त्रींनी काम केलं, तिथल्या शैव मूर्ती बघून भलेभले चक्रावले, कारण असं काही आधी पाहण्यातच नव्हतं. मग रामटेकजवळचं मनसर, जगतपती जोशी आणि अ. कु. शर्मांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी हात घातला, आणि हिडिंबा टेकडीवरचं ते प्रचंड विटांचं बांधकाम बौद्ध की दुसऱ्या प्रवरसेनाचं प्रवरेश्वर देऊळ यावर वाद पेटला. शैव देऊळ ही बाजू मला जास्त पटते. अर्थात नागपूरला कुणाच्या बैठकीत हे बोलाल तर जपून.

आता तुम्हाला पुणे-नागपूर जोडणारी गोष्ट सांगतो. प्रभावतीगुप्ता, दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटकांच्या घरात दिलेली, नवरा लवकर गेल्यावर लहान मुलाच्या नावाने कारभार बघणारी. तिचा एक प्रसिद्ध ताम्रपट अभ्यासकांत 'पुणे ताम्रपट' म्हणूनच ओळखला जातो आणि तो दिलाय नंदिवर्धनहून. शंभरेक वर्षं आपल्याकडे तिचं नाव फक्त तांब्यावर होतं. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचं नगरधन असं अभ्यासक म्हणत होते, २०१५ ते २०१८ मध्ये राज्य पुरातत्त्व विभाग आणि डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलं आणि एक छोटीशी मातीची मुद्रा निघाली, वर ब्राह्मीत तिचं नाव आणि शंख. कागदपत्र नाहीतर गाठोडं बांधून त्यावर ओल्या मातीचा गोळा दाबून ठसा मारतात, तसला तो ठसा. ताम्रपट देशभर फिरतो, कुठेही सापडू शकतो. मातीचा ठसा जिथे फुटतो तिथेच पडतो, म्हणून त्याचं मोल वेगळं.

याशिवाय गेल्या काही वर्षांत विदर्भात उलटा प्रयोग झालाय, ताम्रपटात नावं आलेली गावं धरून त्यांच्या आसपासची शेतं पायी तुडवायची, जमिनीवर पडलेली खापरं आणि विटा नोंदवायच्या, मग दान दिलं तेव्हा तिथे रान होतं की आधीच वस्ती होती हे तपासायचं. रामशरण शर्मांच्या सिद्धांताची खरी परीक्षा अशी होणार. एक-दोन ट्रेंच खणून नाही होणार.

प्रश्न : पुणं नक्की किती जुनं? व्हॉट्सअॅपवर रोज नवा आकडा येतो.
– एक आजोबा, सदाशिव पेठ

उत्तर : आजोबा, फॉरवर्ड करण्याआधी दोन ताम्रपट लक्षात ठेवा, इसवी सन ७५८ आणि ७६८, दोन्ही राष्ट्रकूट पहिल्या कृष्णाचे, म्हणजे ज्याच्या काळात वेरूळचं कैलास झालं तोच. एकात 'पुण्य विषय' आणि दुसऱ्यात 'पुनक विषय' असा उल्लेख आहे, विषय म्हणजे तेव्हाचा जिल्हा किंवा तालुका म्हणा. ७६८ च्या तळेगाव ताम्रपटात दान दिलेल्या गावांची आणि सीमांची यादी वाचताना तर मजा येते, थेऊर, आळंदी (ही सोलापूर रोडकडची, चोराची), उरुळी आणि मुळा नदी, आज पीएमपीच्या पाटीवर असावीत तशी नावं. पाताळेश्वरची लेणी साधारण त्याच काळातली, अर्धवट राहिलेली.

आता 'विषय' होता म्हणजे लगेच मोठं शहर होतं असं मात्र नाही. गाव मात्र त्याहून बरंच जुनं आहे, २००४ ते २००६ च्या सुमारास कसबा पेठेत बांधकामांसाठी पाये खणले जात होते तेव्हा डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी त्या खड्ड्यांमध्ये उतरून जे मिळेल ते वाचवलं, त्यात सातवाहन काळापर्यंत मागे जाणारे पुरावे मिळाले. आकडाच हवा असेल तर लेखी उल्लेख साडेबाराशे वर्षांच्या वर आणि वस्ती जवळपास दोन हजार, एवढं नातवाला सांगा.

प्रश्न : राष्ट्रकूट एवढे मोठे राजे, अरबांनी पण कौतुक केलंय म्हणतात, मग त्यांची नाणी का मिळत नाहीत? व्यापारच नव्हता का?
– नाणी जमवणारा एक वाचक, चिंचवड

उत्तर : त्यांची म्हणून ठामपणे दाखवता येतील अशी नाणी जवळपास नाहीतच, हे खरं. पण व्यापार नव्हता म्हणाल तर किनाऱ्याकडे बघा. मसूदी हा अरब प्रवासी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला सैमूरला, म्हणजे आपल्या चौलला, आला होता आणि तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात असं त्याने लिहून ठेवलंय. पालघर जिल्ह्यात चिंचणीला मिळालेल्या ९२६ च्या ताम्रपटात संजाण प्रांताचा कारभार राष्ट्रकूटांच्या वतीने एक 'ताजिक' म्हणजे अरब अधिकारी बघतोय, नाव मधुमती, मुहंमदचं हे संस्कृत रूप. आणि त्या संजाणला (आता गुजरातेत) २००२ ते २००४ मध्ये उत्खनन झालं, तिथे पश्चिम आशियातली निळी-हिरवी झिलईची भांडी आणि चिनी भांडी भरपूर निघाली.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. त्या परदेशी भांड्यांचा काळ बाहेरच्या देशांतल्या उत्खननांमुळे बऱ्यापैकी पक्का आहे, त्यामुळे त्यांच्याच थरात पडलेल्या साध्या गावठी खापरांनाही तारीख मिळते. नेवाशाला जे जमलं नव्हतं ते इथे जमायला लागलं.

प्रश्न : एमए आर्किऑलॉजी करतोय, पीएचडीला पूर्वमध्ययुग घ्यावं का? सगळे म्हणतात हडप्पा नाहीतर डीएनए घे, त्यात स्कोप आहे.
– एक विद्यार्थी, येरवडा

उत्तर : स्कोपचं माहीत नाही, पण काम ढिगाने पडलंय. नवीन उत्खननाच्या लायसन्सच्या मागे लागू नकोस. जुन्या उत्खननांची पोती उघडायची परवानगी मागून बघ, आणि हंड्यांचे काठ काढ. म्हणजे अक्षरशः काढ, पेन्सिलने : तुकडा आडवा धरायचा, काठाचा कोन लावायचा, तोंडाचा व्यास मोजायचा, चित्रात छेद काळा भरायचा, बाहेरून काजळी आहे का ते लिहायचं, आत घोटलंय का, चाकावरचं आहे की हाताने थापलेलं, मातीत वाळू किती. असे हजारभर काठ झाले की हळूहळू डोळ्याला कळायला लागतं की हा सातवाहन नाही आणि बहमनीही नाही. त्यात नाव नाही, पेपरात फोटो येत नाही, गाईडसुद्धा कंटाळतील. पण दख्खनच्या साध्या स्वयंपाकाच्या भांड्यांचा चौथ्या ते तेराव्या शतकाचा भरवशाचा क्रम कुणी लावला ना, तर साठ-सत्तर वर्षांचे रिपोर्ट परत वाचावे लागतील. आणि थरातून कोळसा, शक्यतो जळलेलं धान्य, मिळालं तर कार्बन डेटसाठी पैसे आधी बाजूला काढून ठेव, फेलोशिप वेळेवर येत नाही.

प्रश्न : आमचा वाडा रिडेव्हलपमेंटला गेलाय. बेसमेंट खणताना काळ्या-लाल खापरांचा थर निघालाय, एक दगडी पाटापण मिळाला. बिल्डर म्हणतो कुणाला सांगू नका, काम थांबेल. काय करू?
– एक वाचक, कसबा पेठ

उत्तर : सांगा. खापरं निघाली म्हणून लगेच तुमचा प्लॉट सरकार घेतं असं काही नाही, ही भीती उगाच पसरवलेली आहे. १८७८ चा निधीचा कायदा आहे तो जमिनीत पुरलेल्या दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या वस्तूंबद्दल, नाण्यांचा हंडा वगैरे मिळाला तर कलेक्टरला कळवावंच लागतं, तिथे मात्र 'कुणाला सांगू नका' अजिबात चालणार नाही.

खापरांचं म्हणाल तर आजच खड्ड्याच्या भिंतीचा फोटो काढा, बाजूला मोजपट्टी उभी धरून, म्हणजे रस्त्यापासून थर किती खाली आहे ते दिसेल. मूठभर काठाचे तुकडे पिशवीत घाला, पिशवीवर तारीख आणि खोली लिहा, वेगवेगळ्या खोलीची एकत्र करू नका आणि घासून धुऊ तर मुळीच नका. पाटा आहे तिथून उचलण्याआधी त्याचाही फोटो. मग डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागात नाहीतर राज्य पुरातत्त्व विभागाच्या पुण्याच्या ऑफिसात फोन करा आणि जेसीबीवाल्याला तेवढी एक बाजू दोन दिवस सोडून दुसरीकडून खणायला सांगा. बिल्डरने फारच कटकट केली तर त्याला म्हणावं, पावसात काम तसंही बंदच असतं.